बैलाचा दाखला

जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला! मध्यमवर्गीय माणसाचे आयुष्य म्हणजे एका दाखल्यापासून दुसऱ्या दाखल्यापर्यंतची पायपीट, असे माझे जुने मत आहे. पण बैलालाही दाखला लागतो आणि त्यासाठी त्या मुक्या प्राण्यालाही सकाळपासून ताटकळावे लागते, हे मात्र गेल्या वर्षी दिवाळीनंतर संग्रामपुरास गेलो तेव्हाच कळले.

संग्रामपूर हे नाव ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर तटबंदी आणि तोफा उभ्या राहिल्या, तर त्याने निराश व्हायची तयारी ठेवावी. बुलढाणा जिल्ह्यातला हा साधा तालुक्याचा गाव. मुंबई-नागपूर गाडीने शेगावला उतरावे, महाराजांचे दर्शन घ्यावे, कचोरी खावी (क्रम ज्याने त्याने ठरवावा) आणि उत्तरेकडची एस.टी. धरावी. वाटेत पूर्णा लागते. दोन्ही तीरांना काळीभोर जमीन, कपाशी आणि तूर, डोळे निवतात. पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. हा खारपाणपट्टा. इथल्या माणसांना मूत्रपिंडाचे विकार फार, आणि त्याचा दोष ती या पाण्याला देतात. आणखी वर गेले की सोनाळ्याकडे संत्र्यांच्या बागा दिसू लागतात आणि त्यांच्या मागे सातपुड्याची निळी भिंत. त्या भिंतीत अंबाबरवा अभयारण्य आहे. 1997 साली घोषित झालेले हे जंगल आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्याच्या पलीकडे मध्य प्रदेश, बऱ्हाणपूर जिल्हा.

आमचे साडू तिथे शिक्षक आहेत. त्यांच्या शेजारी राहणारे नाना शेतकरी. नानांची मुलगी डोंगरापलीकडे दिलेली. जावयाची शेती उताराची आणि तुकड्यातुकड्यांची, तिथे ट्रॅक्टर पोचत नाही. आणि त्याच्या जोडीतला एक बैल 2022 साली लम्पीने गेला. तेव्हापासून तो दुसऱ्याच्या जोडीवर भागवीत होता. म्हणून नानांनी आपल्या दावणीची निमाडी जोडी लेकीला द्यायचे ठरवले. तांबड्या अंगावर पांढरे शिंतोडे असलेली ही जात मूळची पलीकडच्या निमाडातलीच. म्हणजे बैल एका अर्थाने माहेरीच चालले होते!

आता या हद्दीची गंमत पाहा. वऱ्हाड 1903 पासून मध्य प्रांताला जोडलेला होता. त्यामुळे डोंगराच्या दोन्ही बाजूंना एकच सरकार, एकच राजधानी, नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि सातपुड्याच्या माथ्यावरून राज्याची सीमा गेली. नानांच्या आजोबांनी याच डोंगरातून ढोरे नेली-आणली होती.

"तवा निस्ता डोंगर होता पाहुणे, हद्द नव्हती," नाना म्हणाले. "पोरीच्या लग्नालेही येवढे कागद नाई लागले."

कागद खरेच पुष्कळ. जंगल आता वाघाचे, म्हणून जुन्या पायवाटा बंद. जोडी टेम्पोत घालून जळगाव जामोदवरून घाटरस्त्याने न्यायची. जनावरांच्या वाहतुकीचे नियम 1978 चे आहेत. ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरे नकोत, बरोबर माणूस हवा, औषधाची पेटी हवी आणि पशुवैद्याचा दाखला हवा, की जनावर प्रवासास योग्य आहे व त्याला कोणताही सांसर्गिक रोग नाही. दाखला नसेल तर गाडीवाल्याने माल घेऊच नये. पायी न्यायचे म्हटले तर 2001 चे वेगळे नियम आहेत. सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर चालवायचे नाही, व्यायल्यावर तीन दिवस होईतो न्यायचे नाही. शिवाय 2024 पासून महाराष्ट्रात कानात बारा आकडी बिल्ला असल्याशिवाय गुराची खरेदी-विक्री नाही. त्यात भर म्हणून गोवंशाचे कायदे, मध्य प्रदेशाचा 2004 चा आणि महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीला बंदी घालणारा 2015 चा. टेम्पोत बैल दिसला की रस्त्यावरचा प्रत्येक जण थांबवून विचारतो, "कुठं चालवलाय?"

ढोरांच्या दवाखान्यात (तिथे पशुवैद्यकीय वगैरे कुणी म्हणत नाही) आम्ही आठ वाजता पोचलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई. माझी कल्पना होती, की रजिस्टरात दोन ओळी, शिक्का, झाले. पण बाईंनी पहिला बैल खोड्यात घेतला आणि शेपटीखाली तापमापी लावून शांतपणे त्याचे श्वास मोजू लागल्या. मग पापणी ओढून पाहिली, जबडा उघडून जीभ आणि हिरड्या पाहिल्या, खुरांच्या फटीत लाळ-खुरकुताची जुनी जखम आहे का ते पाहिले. शेवटी केसांच्या उलट दिशेने साऱ्या अंगावरून तळहात फिरवला.

"लम्पीची गाठ डोळ्याला दिसायच्या आधी हाताला लागते," त्या म्हणाल्या.

एका बैलाला पाव तास. बाहेर आणखी सात-आठ जण दावी धरून उभे होते. त्यांच्यापैकी कुणी कुरकुर केली नाही, याचे मला नवल वाटले.

1978 च्या त्या नियमात जनावराला बुळकांडीची लस टोचली आहे, असेही लिहून द्यायला सांगितले आहे. बुळकांडी हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला अंगावर काटा आणणारा. गोठेच्या गोठे ओस करणारा तो रोग. 1954 साली देशात त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, 1995 नंतर इथे तो दिसला नाही आणि 2011 साली साऱ्या जगातूनच तो गेल्याची घोषणा झाली. देवीच्या रोगाखेरीज माणसाने मुळापासून उपटलेला हा एकच रोग! आणि तो गेला त्यात लसीचा मोठा वाटा होताच, पण हद्दीवर गुरे अडवून तपासणाऱ्या माणसांचाही होता. शत्रू मेला, पण नियमात त्याचे नाव राहिले आहे.

त्याची जागा घ्यायला नवा शत्रू आला आणि ऑगस्ट 2022 मध्ये त्याची मोठी साथ उसळली. राज्यात त्या साथीची सुरुवात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात झाली. हा तालुकाही याच सातपुड्याच्या पायथ्याचा, बऱ्हाणपूरला लागून. सप्टेंबरात सारे राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवून गुरांचे बाजार बंद झाले. बुलढाणा जिल्ह्याला तडाखा मोठा बसला. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचून साथ आवरावी लागली. हा रोग माशा, डास, गोचिड्या पसरवतात. माशीला कुठला दाखला विचारणार? पण माशी फार लांब जात नाही. शंभर कोस जातो तो ट्रकमधला आजारी बैल.

पहिला बैल उत्तम निघाला. दुसऱ्याला मात्र ताप होता, एकशे तीनच्या वर. मानेवर, जू टेकते तिथे, सूज.

"खांदेसूज असावी," बाई म्हणाल्या. "पण ताप आहे तोवर मी सही करणार नाही. आठ दिवसांनी आणा."

"ताई, रानातली ओल उडून जाते वो. हरभरा पेरायचा हाये जावयाले."

"नाना, जावयाच्या गावात ढोरं किती?"

"असतीन दीडशेक."

बाईंनी पुढे काही म्हटले नाही. औषध लिहून दिले आणि पुढचा बैल घ्यायला सांगितले.

बाहेर चहाच्या टपरीवर इस्त्रीच्या कपड्यांतला एक गृहस्थ आमच्या शेजारी येऊन बसला. त्याचे म्हणणे असे, की बैल इथे आणायची गरजच नव्हती. बिल्ल्याचे आकडे सांगावेत, संध्याकाळी कागद हातात. रक्कमही त्याने सांगितली, फार नव्हती. मला वाटले, नाना भाव करतील. नानांनी चहा संपवला आणि म्हणाले, "बावीस साली म्या बाजारातून गाय आनली होती. कागद तं तिचाही होता." आणि ते उठले. त्या गाईपाठोपाठ नानांच्या गोठ्यातली दोन जनावरे गेली, हे मला साडूंनी रात्री सांगितले.

कागदाच्या बाजूने एवढे बोललो, तर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यात कच्छच्या रबारी लोकांचे 58 उंट अडवले गेले. उंट कत्तलीसाठी नेत असल्याचा संशय होता. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या-उंट घेऊन विदर्भात फिरणारी ही माणसे. उंट हेच त्यांचे घर आणि हीच त्यांची बैलगाडी. उंट त्यांचेच, हे मान्य होऊन ते न्यायालयामार्फत परत मिळेपर्यंत त्यांना कितीतरी दिवस ताटकळावे लागले. ज्याचा संसारच चालता आहे त्याने दर मुक्कामी डॉक्टर कुठून शोधावा, याचे उत्तर नियम करणाऱ्यांनी दिलेले मला दिसले नाही. नानांजवळ निदान घर आहे, सात-बारा आहे.

आठाचे नऊ दिवस झाले. जावयाचा रोज फोन. नाना सकाळ-संध्याकाळ बैलाची मान शेकत होते. दहाव्या दिवशी ताप नव्हता, सूज उतरली होती. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सगळे तपासले, पाव तास, आणि सही केली.

टेम्पोत गवत आणि उसाचे पाचट अंथरले. मी पुढे चालकाशेजारी, नाना मागे बैलांपाशी; कितीही सांगितले तरी पुढे यायला तयार झाले नाहीत. घाटाच्या अलीकडे गाडी अडवली गेली. शिपायाने कागदावरचे आकडे विजेरीच्या उजेडात कानातल्या बिल्ल्यांशी ताडून पाहिले. बैलाने मान झटकली, आकडे पुन्हा वाचावे लागले. मग हात हलवून त्याने जायला सांगितले.

लेक दारात पाण्याची बादली आणि कुंकू घेऊन उभी होती. तिने आधी बैलांचे पाय धुतले, मग वडिलांचे. जावयाने जोडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि नानांना शेतावर नेले. खालच्या पट्टीतली माती त्याने मुठीत धरून पाहिली. ती पिठासारखी सुटली. वरच्या, झाडाखालच्या पट्टीत अजून ओल होती.

"अर्धं होऊन जाईल," तो म्हणाला.

नाना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी स्वतः तिफण जुंपली.