मेयोनीजवरचा रनवे

टोकियोच्या हानेदा विमानतळावर जरा लवकर पोचलात तर काय कराल? शॉपिंग? सुशी? दोन्ही उरकून सरळ टर्मिनल 2 च्या गच्चीवर जा. तिकीट नाही, एकदम फुकट. समोर सी रनवे, पलीकडे टोकियोचा उपसागर आणि एकामागून एक उतरणारी विमानं. मीही कॅमेरा सरसावून उभी होते. मग पायाखाली काय आहे ते आठवलं आणि पोटात गोळा आला.

पायाखाली गाळ आहे! बंदर खोल राहावं म्हणून समुद्रतळातून उपसलेला चिखल वर्षानुवर्षं इथंच टाकला जायचा. 1984 मध्ये विमानतळ समुद्राच्या दिशेनं वाढवायला घेतला, तेव्हा ही जमीन इतकी लिबलिबीत होती की तिला नावच पडलं ‘मेयोनीज’.

आता मेयोनीजवर जम्बो कसं उतरवायचं? श्रीखंडासाठी आपण दही टांगतो ना, तसंच. पाणी गळतं, चक्का घट्ट होतो, पण कमीही होतो. गाळाचे कण मात्र इतके बारीक की पाणी निघायला कित्येक वर्षं जातात. म्हणून इंजिनिअर मंडळींनी जमिनीत जवळजवळ उभे निचरे घातले आणि वर मातीचा भार टाकला. पाण्याची वाट निम्मी झाली की वेळ चौपट कमी, असं हे गणित.

खरी गोची पुढेच आहे. जमीन किती खचणार, कधी थांबणार? इथला भराव एकसारखा नाही. कुठे चिखल, कुठे बांधकामातून निघालेली माती. सगळं सारखं खचलं तर निभावतं, पण एकच कोपरा खाली गेला की रनवेचा उतार बिघडतो. ओसाकाजवळचा कान्साई विमानतळ 1994 मध्ये सुरू झाला आणि अंदाजापेक्षा जास्त खचला. त्याच्या टर्मिनलचे खांब जॅक लावून उचलावे लागतात.

म्हणून मला अकिरा आसाओका यांची 1978 मधली पद्धत आवडली. ठरावीक दिवसांनी खचणं मोजायचं, प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यासमोर मांडायचा. ठिपके एका रेषेत येतात आणि ती रेष शेवटचा आकडा सांगते. थोडक्यात, जमिनीलाच विचारा. आणि विचारत राहा.

सी रनवे 1997 मध्ये सुरू झाला. माझ्या डोळ्यांदेखत त्यावर एक विमान टेकलं, टायरचा धूर उडाला. शेजारचं पोरगं टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या, खालच्या चक्क्यासाठी!

आणि हो, गच्चीवर वारा जबरदस्त असतो. जॅकेट विसरू नका.