जमेचं पान

नगरपरिषदेचं अंदाजपत्रक आलं की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खर्चाचे आकडे फिरतात. रस्त्यांना एवढे, गटारांना तेवढे, उद्यानाला इतके. जमेचं पान कुणी टाकत नाही. ते कंटाळवाणं असतं, हे खरंच आहे. पण मी एका छोट्या कारखान्याचे हिशेब लिहिते, त्यामुळे सवयीने आधी तेच उघडते. पैसे कुठून येणार हे ज्याने लिहिलं, त्याने खर्चाचं अर्धं भविष्यही लिहून टाकलेलं असतं.

अंबरनाथ १९८३पासून कल्याण महापालिकेत होतं. १९९२मध्ये ते बाहेर पडलं आणि गावाची तिजोरी पुन्हा वेगळी झाली. १९९९मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तिच्या जागी राज्याचं अनुदान आलं. पाणीबिल इथे जीवन प्राधिकरणाकडे जातं. नवे टॉवर उठतात तोवर विकास शुल्क मिळतं, पण ते एका इमारतीचं एकदाच. म्हणजे दरवर्षी हमखास आपला म्हणावा असा मोठा झरा उरला एकच, घरपट्टी.

तिचा अंदाज कसा काढायचा? समजा मागणी १०० रुपयांची आहे. त्यात यंदाचे ४० आणि जुनी थकबाकी ६०. यंदाच्या बिलातले ८० टक्के वसूल होतात, थकबाकीतले जेमतेम १० टक्के. हातात येतात ३८. आता कुणी एकूण मागणीवर सरसकट ७० टक्के धरले, तर कागदावर ७० दिसतात आणि त्या हिशेबाने कामंही मंजूर होतात. पगार, कचऱ्याची गाडी, दिव्यांचं बिल थांबत नाही. थांबतं ते गल्लीतलं गटार. तरीही अंदाजपत्रक ‘शिलकी’च असतं. महाराष्ट्रात तुटीचं अंदाजपत्रक मांडणारी नगरपालिका मला अजून भेटायची आहे.

थकबाकी फुगते कशी, तेही बघा. तिच्यावर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. ५० महिन्यांत दंड मुद्दलाएवढा होतो. जे घर मुद्दल भरू शकलं नाही ते दुप्पट कुठून भरणार? पण मागणीच्या रकान्यात ते दुप्पटच दिसत राहतं. मग अभय योजना येते, शास्ती माफ होते, आणि वेळेवर भरणारा शेजारी आपण भरली कशाला म्हणून चिडतो. त्याचं चिडणं मला पटतं.

बुवापाड्यात मात्र एक उलटी गोष्ट दिसते. आमच्याकडच्या कित्येक बायका घरपट्टीच्या पावत्या रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपतात. कर लावला म्हणून मालकी सिद्ध होत नाही, बांधकामही नियमित ठरत नाही. तरी पावतीवर नाव असतं, वर्ष असतं. झोपड्यांना संरक्षण देण्यासाठी राज्याने धरलेली तारीख १ जानेवारी २०००. पुढे २०११च्या १ जानेवारीपर्यंतच्यांना पैसे भरून पुनर्वसनाची सोय झाली. अशा वेळी जुना कागद म्हणजे आपण इथे होतो, याचा पुरावा. माझी आई वीजबिल एक महिना लांबवेल, घरपट्टी नाही. रक्कम लहान, पण येणारी. अंदाज बांधणाऱ्याने अशा घरांना ‘वसुली अवघड’च्या खात्यात ढकलण्याआधी एकदा गल्लीत फिरून यावं.

अवघड बाब वेगळीच असते. अंबरनाथमध्ये आयुध कारखाना आहे. केंद्राच्या मालमत्तेवर कलम २८५मुळे कर लावता येत नाही, फक्त सेवाशुल्क घेता येतं. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते ठरलं: सेवा किती देता त्यानुसार कराच्या एकतृतीयांश ते पाऊण. ऑक्टोबर २०२१मध्ये देशातल्या आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. कंपनीची मालमत्ता म्हणजे केंद्राची मालमत्ता का, एवढ्या एका प्रश्नावर जमेची एक ओळ हलू शकते. आमच्या दहा बाय पंधराच्या खोल्यांनी ती हलत नाही.

आणि ओळ हलली की फरक आमच्यापर्यंत येतो. दुर्बल घटक, महिला-बालकल्याण, दिव्यांग यांच्यासाठी ठेवायचा प्रत्येकी ५ टक्के निधी नगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नावर निघतो. अंदाज फुगवला की फेब्रुवारीत तो निधी भरघोस दिसतो. मार्चअखेर उत्पन्नच आलं नाही, की शिलाई मशीनची यादी पुढच्या वर्षावर जाते.

२०२०मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि मतदान झालं थेट डिसेंबर २०२५मध्ये. मधली अंदाजपत्रकं प्रशासकांच्या सहीने मंजूर झाली, सभागृहात विचारायला कुणी नव्हतं. आता आहेत. आमच्या प्रभागातल्यांना मी रस्त्याचं विचारणार नाही, ते बाकीचे विचारतीलच. मागच्या वर्षी घरपट्टीचा अंदाज किती होता, ३१ मार्चला हातात किती आले, आणि यंदाचा आकडा कुणी, कशावरून काढला, एवढं विचारणार आहे.