पहिल्या सेल्फचा आवाज

कोल्हापूरहून मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. "गाडी बघितलीय. काळी, जर्मन, व्ही-एट. २००२चं मॉडेल, एका डॉक्टरांची. परवा पैसे द्यायचे म्हणतोय, पण तुझी मामी म्हणते आधी पोरीला दाखवा."

पोरगी आता सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि त्यातली पंधरा वर्षं तिने चिंचवडला इंजिन टेस्टिंगमध्ये काढली आहेत. मी म्हटलं, "येते. पण एक करा मामा. मी येईपर्यंत त्या गाडीला कुणालाही सेल्फ मारू देऊ नका."

"का गं?"

"मला रात्रभर गार पडलेलं इंजिन ऐकायचंय."

मामांनी पस्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काम केलं, ऑइल इंजिनाचे पार्ट बनवले. दसऱ्याला महाराजांची मेबॅक बघायला मला खांद्यावर बसवून तेच न्यायचे. मोठ्या इंजिनाची गाडी आपल्या दारात असावी ही त्यांची तेव्हापासूनची इच्छा. निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा ते या गाडीत घालणार होते. म्हणून मला भीती होती ती एकाच गोष्टीची: टायमिंग चेनच्या गाईडची.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक झाला पाहिजे. हा हिशेब चेन सांभाळते. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात चेन आखूड असते. व्ही-एटमध्ये तिला दोन्ही बाजूंच्या हेडपर्यंत जाऊन यावं लागतं, म्हणून ती लांब असते आणि लांब चेन फडफडू नये म्हणून तिच्या वाटेवर गाईडच्या पट्ट्या बसवतात. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत ह्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या, किंवा धातूच्या पाठीवर प्लॅस्टिकचं अस्तर दिलेल्या. चेन शंभर अंशांच्या तेलात अखंड त्यावरून घासत जाते. वीस वर्षांत चेन शाबूत राहते, पण प्लॅस्टिक कडक होतं, तडकतं आणि एक दिवस तुकडा पडतो. मग सैल झालेली चेन धातूवर घासायला लागते. तिने एक-दोन दात चुकवले की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि तिथे गाडीच्या किमतीपेक्षा कामाची किंमत जास्त होते. चेन आहे, बेल्ट नाही, म्हणजे कधी बघायलाच नको, असं सांगून गाड्या विकणाऱ्यांवर माझा मनापासून राग आहे.

सकाळी सातला आम्ही राजारामपुरीत पोचलो. डॉक्टर तीन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, स्वतः गॅरेज उघडलं. मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला, मग बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर. दोन्ही गार. मामांना आत बसवलं, मी इंजिनाच्या पुढच्या बाजूला कान लावून उभी राहिले आणि हात वर केला.

सैल झालेली सायकलची चेन कव्हरला घासते ना, तो आवाज. खरर्र, जाड, खालून येणारा. दोन सेकंद, फार तर तीन. मग तेलाचा दाब चढला, टेन्शनरने चेन ताणली आणि इंजिन असं शांत झालं की काकूंच्या तुळशीवरची चिमणी ऐकू यावी.

मामा उतरले ते हसतच. "काय मस्त चालतंय! सुरुवातीला जरा वाजलं, ते गार इंजिन करतंयच की."

करतं. पण गार टॅपेट टिकटिकतात, बारीक आणि वरून. हा आवाज पुढच्या कव्हरमागून आला होता. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली. डावीकडे सुरळीत गुणगुण. उजवीकडे मधूनच एक खरखर, रेस सोडताना जास्त.

सोबत आणलेला स्कॅनर लावला. एकही कोड नाही. मामांचा चेहरा आणखी खुलला आणि मला त्यांचा उत्साह मोडवेना. पण कॅम आणि क्रँक यांचा मेळ बिघडला की मगच स्कॅनर बोलतो. पट्टी तुटणं ही त्याच्या कितीतरी आधीची पायरी. ऑइल भरायच्या झाकणातून कॅमेऱ्याची नळी सोडली तर कॅम आणि चेनचा वरचा वळसा दिसला, त्यापलीकडे काही नाही. तुकडे खालीच पडतात. खाली बघायला हवं होतं.

काकूंना विचारताना मला अवघड झालं. दुसऱ्याच्या गाडीचा ऑइल चेंबर खोलू द्या म्हणायचं, तेही विकत घेण्याआधी. मी सगळं समजावून सांगितलं, ऑइलचा, फिल्टरचा, पॅकिंगचा खर्च आमचा म्हटलं. त्या आत गेल्या आणि एक जुनी डायरी घेऊन आल्या. "ह्यांनी गाडीची कधी हेळसांड केली नाही. तुम्हीच बघा." डॉक्टरांच्या अक्षरात प्रत्येक वेळी बदललेलं ऑइल, तारीख, किलोमीटर. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम, वीस-वीस हजारांनी. मग त्या म्हणाल्या, "खोला."

इंजिन पुन्हा चालू केलं नाही. टो करून गाडी उद्यमनगरात मामांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. ह्या इंजिनाला चेंबर दोन, वरचा अॅल्युमिनियमचा आणि त्याखाली छोटा पत्र्याचा. खालचा उतरवायला दहाची गोटी आणि तासाभराचा धीर पुरतो. मिस्त्रींनी ऑइल जुन्या धोतराच्या कापडातून गाळलं. कापडावर राहिलेला गाळ मी बोटाने पसरला. चमकणारी बारीक चुरी होती. चुंबक फिरवला. थोडी चिकटली, बरीचशी नाही चिकटली. म्हणजे लोखंडाबरोबर अॅल्युमिनियमही झिजत होतं, चेन कव्हरला लागत होती.

मग चेंबर उतरला. तळाशी काळ्या तेलात काहीतरी गुळाच्या खड्यांसारखं पडलं होतं. मी पुसून हातावर घेतलं. तपकिरी प्लॅस्टिक, नखाएवढे चार तुकडे आणि एक बोटाच्या पेराएवढा. एका बाजूला चेनच्या कड्यांनी पाडलेल्या दोन समांतर खाचा स्पष्ट दिसत होत्या. छोटा तुकडा चिमटीत दाबला तर बिस्किटासारखा कट्कन मोडला. आणखी एक ऑइल पंपाच्या जाळीवर आडवा बसला होता. अशा दोन-तीन तुकड्यांनी जाळी झाकली असती तर चेन तुटण्याआधी तेलाविना बेअरिंग गेलं असतं.

मामांनी तो मोठा तुकडा उजेडात धरून बराच वेळ फिरवला. खाचांवरून अंगठा फिरवला. मग मिस्त्रींना विचारलं, "पुढची बाजू सगळी उतरवायची?"

"सगळी. रेडिएटर, पंखा, पुली, दोन्ही टॅपेट कव्हर, पुढची कव्हरं. पट्ट्या स्वस्त आहेत, मजुरी महाग आहे. आणि कॅम लॉक करायची हत्यारं लागणार, ती पुण्याहून आणावी लागतील."

मला वाटलं मामा नाही म्हणतील. मी तसंच सांगितलं होतं, आणि आजही कुणी विचारलं तर तसंच सांगेन: हे काम स्वतःच्या देखरेखीखाली करून घेता येत नसेल तर अशी गाडी घेऊ नये. मामांनी खिशातल्या कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "किंमत कमी होत असली तर घेतो. पण काकूंना हे तुकडे दाखवल्याशिवाय भाव बोलायचा नाही."

संध्याकाळी आम्ही तुकडे पेपरात गुंडाळून राजारामपुरीत गेलो. मी टेबलावर मांडले, कुठली पट्टी, काय होतं, का होतं ते सांगितलं. काकूंनी एकही तुकडा उचलला नाही, नुसत्या बघत राहिल्या.

"म्हणजे ह्यांचं काही चुकलं का?"

"नाही काकू. पुस्तकात होतं तसंच केलं त्यांनी. आपल्याकडच्या उन्हात आणि गर्दीत ऑइल आठ-दहा हजारांनी बदलायला हवं होतं, पण ते पुस्तकात नव्हतं. आणि बदललं असतं तरी प्लॅस्टिक म्हातारं व्हायचं ते झालंच असतं."

त्यांनी मान हलवली. भाव पाच मिनिटांत ठरला; कुणीच ताणून धरलं नाही. निघताना त्यांनी ती डायरी मामांच्या हातात दिली आणि पेन शोधून आणलं.

मामांनी चष्मा लावला. डॉक्टरांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून तारीख घातली, किलोमीटर घातले आणि लेथवरच्या जॉबकार्डावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं: ऑइल काढले. चेंबरमध्ये गाईडचे तुकडे. पट्ट्या बदलेपर्यंत सेल्फ मारू नये.