टोचल्याएवढी जखम
पिंपळे सौदागरहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत मी चाकणला जातो. फोर्कलिफ्ट दुरुस्तीचं काम. मी गोदामात पोचेपर्यंत डॉकवर ट्रेलर ताटकळलेले असतात आणि सुपरवायझर घड्याळ बघत असतो. माणसं जायबंदी होतात ती याच घाईत. वर उचललेल्या फोर्कखाली ठोकळे न लावता शिरायचं, किल्ली न काढताच चेनला हात घालायचा.

महाळुंग्याला एका गोदामात मास्टच्या सिलिंडरचा होज पाइप गळत होता. गळती नेमकी कुठे, हे बघायला ठेकेदाराकडच्या पोराने इंजिन चालू असतानाच पाइपवरून हात फिरवला. ‘‘दादा, काहीतरी टोचलं.’’ बोटावर बारीक ठिपका, रक्तही धड नाही. सुपरवायझरने पट्टी चिकटवली आणि त्याला परत कामाला लागायला सांगितलं.

मी ऐकलं नाही. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-अडीच बार असतो, फोर्कलिफ्टच्या हायड्रॉलिक तेलाचा दीडशे-दोनशे बारपर्यंत जातो. त्या दाबाने बारीक छिद्रातून उडालेलं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत घुसतं, बोटातून तळहाताकडे पसरतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही, तिथेच घात होतो. काही तासांत बोट टम्म सुजतं, रक्तपुरवठा बंद पडू लागतो. वेळेत चिरून तेल धुऊन काढलं नाही, तर बोट कापायची पाळी येते. त्याला गाडीत घातलं. डॉक्टरांना ‘टोचलंय’ एवढंच सांगितलं नाही. ‘दाबाखालचं तेल आत गेलंय’ असं सांगितलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. बोट वाचलं, शेवटचं पेर मात्र वाकत नाही.

गळती शोधायची ती पुठ्ठ्याच्या लांब तुकड्याने, हाताने कधीच नाही. मग फोर्क जमिनीवर, इंजिन बंद, लिव्हर पुढेमागे करून उरलेला दाब सोडायचा आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात. माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे करून घेतो, ट्रेलर कितीही थांबोत.

त्या पोराच्या पगारातून ईएसआय कापला जात होता. म्हणजे कामावरच्या दुखापतीत, सुट्टीच्या काळात सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळणं त्याचा हक्क. पण ‘घरी लागलं असं लिहू’ म्हणून ठेकेदार मागे लागला होता. मी साक्षीदार म्हणून सही करायला उभा राहिलो, तेव्हा कुठे अपघाताची नोंद झाली. आता न वाकणाऱ्या पेराचं अपंगत्व ठरवायला त्याला वैद्यकीय मंडळापुढे जायचंय. तारीख आली की मीही बरोबर जाणार आहे.