‘पहले आप’ आणि पुढची दोन चाकं

स्टेअरिंग वळवलं आणि गाडी मात्र सरळच गेली, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?

माझ्या बाबतीत झालंय. मागच्या वर्षी जुलैमध्ये, लखनौत, शहीद पथावरून खाली उतरणाऱ्या एका वळणावर. पाऊस चालू होता आणि शेजारच्या सीटवर आई होती. वेग जास्त आहे हे मला वळणात शिरल्यावर कळलं. घाबरून मी ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग आणखी वळवलं. गाडीने काही ऐकलं नाही. ती घसरत सरळ गेली आणि कडेच्या कठड्याला धडकली. मला खरचटलंही नाही. आईचं उजवं मनगट मोडलं.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘‘पाऊस होता गं, तुझी काय चूक?’’ सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. दिवाळीत मी नागपूरला गेले तेव्हा म्हटलं, ‘‘चल, मावशीकडे मी तुला गाडीने नेते.’’ आई साडीची घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘कशाला? आपण ऑटोने जाऊ.’’ बस, एवढंच. पण तुम्हीही कुणाची तरी मुलगी किंवा मुलगा असाल, तर या वाक्याचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको.

मी लखनौत कंटेंट रायटर आहे. दिवसभर गाद्या, गिझर आणि त्वचेच्या काळजीवर लिहिते. बी.ए. इंग्रजीत केलं, फिजिक्स दहावीनंतर सुटलं. त्यामुळे त्या रात्री नेमकं काय झालं, हे मला सांगताच येत नव्हतं. ‘गाडी घसरली’ एवढंच म्हणता यायचं, जणू गाडी आपणहून घसरली होती.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचे मामा पूर्वी रॅली आणि ऑटोक्रॉसमध्ये गाड्या चालवायचे. त्यांनी माझी गोष्ट ऐकली आणि विचारलं, ‘‘घाबरून गाडी सोडायचीय की समजून घेऊन चालवायचीय?’’ पुढच्या रविवारी मी शहराबाहेरच्या एका मोकळ्या, फरशीबंद आवारात हेल्मेट घालून उभी होते. जागा त्यांच्या ओळखीच्या माणसाची होती. फाटक बंद, आत आम्ही तिघं आणि तीसेक केशरी कोन.

ऑटोक्रॉस म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. मोकळ्या जागेत कोन मांडून वळणावळणाचा मार्ग तयार करतात. एका वेळी सहसा एकच गाडी धावते आणि शर्यत घड्याळाशी असते. कोन पाडला तर वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. सरळ पल्ले छोटे असल्यामुळे वेग फार वाढत नाही, पण वळणं एकामागून एक येतात. आपल्याकडे मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय ही संस्था पाहते आणि अधिकृत स्पर्धेत उतरायला तिचं लायसन्स लागतं. मोटार शर्यत म्हटलं की आपल्याला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आठवतो, जिथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. ऑटोक्रॉसला असलं काही लागत नाही. घरातली छोटी गाडी चालते.

आणि छोटी गाडी म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. आपल्या आजोबांच्या काळातल्या अँबेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीमध्ये इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळायची. 1983 च्या डिसेंबरमध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी घराघरांत पोचली. या रचनेला कमी समजू नका. इवल्याशा मिनीने याच रचनेवर 1964, 1965 आणि 1967 मध्ये मॉंटे कार्लो रॅली जिंकली होती.

पहिल्या दिवशी मी तो मार्ग 58 सेकंदांत पूर्ण केला. मामांनी माझ्याच गाडीत 44 सेकंदांत. मी प्रत्येक वळणात उशिरा ब्रेक मारत होते, स्टेअरिंग कचकन वळवत होते आणि लगेच अ‍ॅक्सिलरेटर देत होते. टायर किंचाळत होते आणि गाडी वळणाच्या बाहेर बाहेर जात होती. तिसऱ्या फेरीत तेच झालं. स्टेअरिंग वळलेलं, गाडी सरळ. माझे हात थंड पडले. ती जुलैची रात्रच होती, फक्त पाऊस नव्हता आणि समोर कठड्याऐवजी प्लास्टिकचे कोन होते.

मामांनी गाडी थांबवायला लावली आणि बॉनेटवर थाप मारली. म्हणाले, ‘‘इंजिन इथे, गिअरबॉक्स इथे. गाडीचं निम्म्याहून जास्त वजन या दोन चाकांवर. ओढायचं यांनी, वळायचंही यांनी आणि ब्रेकचा मोठा भारही यांच्यावरच. मागची दोन चाकं मागे मागे येतात. आता सांग, या दोघांकडून तू एकाच वेळी किती कामं मागतेस?’’

मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसलं. कुकर, डबे, दार, फोन, सगळ्यांच्या हाका आणि मध्ये एकटी आई.

टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. ठरलेली. ब्रेकवर सगळी खर्च केली तर वळायला उरत नाही. आणि पकड संपलेली असताना स्टेअरिंग आणखी वळवणं म्हणजे रिकाम्या खात्याच्या एटीएमवर पुन्हा पुन्हा बटण दाबणं. याला ‘अंडरस्टिअर’ म्हणतात. त्या रात्री ओल्या रस्त्यामुळे पगारच अर्धा झाला होता आणि मी खर्च दुप्पट केला होता.

‘‘मग उपाय?’’ मी विचारलं. मामा लखनौचेच. हसून म्हणाले, ‘‘पहले आप.’’

लखनौच्या दोन नवाबांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ‘पहले आप, पहले आप’ करता करता त्यांची गाडी सुटते. मामा म्हणाले, इथे त्याच अदबीने गाडी सुटत नाही, वळते. सरळ रस्त्यावर आधी ब्रेकने आपलं काम करावं. तो हळूहळू सुटत असताना स्टेअरिंगला जागा द्यावी. स्टेअरिंग सरळ होऊ लागलं की मग अ‍ॅक्सिलरेटरने पुढे यावं. तिघांनी एकदम दारात घुसायचं नाही.

चौथ्या रविवारी मी 51 सेकंदांवर आले. तेव्हा मामांनी ‘छोटा हत्ती’मधून चार वापरलेले रेसिंग टायर आणले. हे टायर रस्त्यावर वापरायचे नसतात. त्यांच्यावर खाचा अगदी कमी, त्यामुळे पावसात पाणी बाहेर फेकलं जात नाही. रबर इतकं मऊ की ते गरम असताना नख दाबलं तर खूण उमटते. मला वाटलं, आता तर मी उडणारच!

पहिली फेरी 53 सेकंद. आधीपेक्षा वाईट, कारण असे टायर गरम झाल्याशिवाय पकड देत नाहीत. तिसऱ्या फेरीत ते तापले आणि जादू झाली. 47! आधी जिथे टायर किंचाळायचे, तिथे आता शांतता. मी उशिरा ब्रेक मारला तरी चालून गेलं. स्टेअरिंग कचकन वळवलं तरी चालून गेलं. मामा मात्र गप्प होते.

पाचव्या फेरीत एका लांब वळणात वेग जास्त झाला. मी घाबरले आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला. गाडीचं वजन झटक्यात पुढे गेलं, मागची बाजू हलकी झाली आणि क्षणात मी उलट्या दिशेला तोंड करून, तीन कोन आडवे करून थांबले होते. पुढच्या टायरना काम असतं म्हणून ते तापतात, मागचे तसे थंडच राहतात. मी एकदम माघार घेतली आणि त्या थंड टायरनी साथ सोडली.

मामांनी कोन उभे केले. म्हणाले, ‘‘साधा टायर आधी ओरडून सांगतो. हा चुका झाकतो आणि सगळ्यांचा हिशोब एकदम मागतो. जास्त मागू नकोस, पण जे सोडशील ते हळू सोड.’’

पुढचे दोन रविवार त्यांनी पुन्हा साधे टायर लावायला लावले. मी मुकाट्याने लावले. शेवटचा आकडा 48 होता, साध्या टायरवर. त्या 47 पेक्षा मला त्याचंच जास्त अप्रूप आहे.

तुम्ही उठून ऑटोक्रॉस करा, असं मी म्हणत नाही. आणि यातलं काहीही रस्त्यावर करून पाहू नका, अगदी रिकाम्या रस्त्यावरही नाही. पण एवढं कराच. टायरची हवा थंड असताना तपासा, दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या आकड्याएवढी ठेवा. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदला, पावसाळ्यात तर त्याआधीच. वळणाचा वेग वळणाआधी ठरवा. आणि कधी गाडी सरळ जाऊ लागलीच, तर स्टेअरिंग आणखी पिळू नका. पाय अलगद सैल करा, स्टेअरिंग थोडं परत आणा, चाकांना पकड परत मिळू द्या.

डिसेंबरात आई लखनौला आली. तिला कैसरबागेतलं भातखंडे विद्यापीठ बघायचं होतं. लहानपणी ती भातखंड्यांच्याच स्वरलिपीवरून गाणं शिकली आणि त्यांनी 1926 मध्ये इतक्या दूर येऊन सुरू केलेली संस्था तिला एकदा डोळ्यांनी पाहायची होती. मी कॅब बुक करायला फोन हातात घेतला. त्याआधी मात्र मनात साचलेलं बोलून टाकलं, ‘‘आई, त्या रात्री पावसाची चूक नव्हती. वेग माझा होता. नेमकं काय चुकलं ते आता मला कळलंय.’’

आईने माझ्याकडे पाहिलं. मनगटावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, ‘‘कॅब राहू दे. तूच सोड मला.’’

शहीद पथावरून खाली उतरताना तेच वळण आलं. मी सरळ रस्त्यावरच वेग कमी केला, मग स्टेअरिंग वळवलं. गाडी वळली. इतकी साधी गोष्ट. आईचा हात दारावरच्या हँडलला घट्ट धरून होता, वळण संपेपर्यंत. मी काही बोलले नाही.

परत येताना तिचा हात मांडीवरच्या पर्सवर होता आणि ती काहीतरी गुणगुणत होती.