मुनिरक्यातली पहिलटकरीण

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही. ते ठरलेलंच असतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि लेक माहेरच्या गाडीत बसते. मग आई, काकू, शेजारच्या दोघी-तिघी तिला सारखं काही ना काही विचारत राहतात. झोप लागली का, पाय सुजलेत का, जळजळतंय का, लेकरू हलायलंय ना. मी परभणीची. आमच्या गल्लीत अशा पहिलटकरणी मी लहानपणापासून बघत आले. दुपारच्या ओट्यावर पाय लांब करून बसलेल्या, तोंडात चिंचेचं बोटूक, भोवती चौकश्यांचा गराडा आणि चेहऱ्यावर त्या चौकश्यांचा वैताग. तो वैताग आपल्याही वाट्याला येणार, हे मी गृहीतच धरलं होतं.

माझं बाळंतपण मुनिरक्यात झालं.

दक्षिण दिल्लीतल्या बाहेरच्या रिंग रोडला लागून हे टोकस जाटांचं जुनं गाव आहे. एका अंगाला आर. के. पुरम, दुसऱ्या अंगाला जेएनयू. गावाच्या जमिनी गेल्या आणि भोवती शहर उभं राहिलं. गावकऱ्यांकडे उरली ती घरं, मग घरंच वर वर चढत गेली. आता गल्लीत दुपारी बारालाही ऊन उतरत नाही. वर विजेच्या तारांचं जाळं, खाली मोमोंच्या पातेल्यातली वाफ, आणि प्रत्येक मजल्यावर भाडेकरू: जेएनयूतले विद्यार्थी, स्पर्धा परीक्षावाले, मणिपूर-नागालँडहून नोकरीला आलेल्या मुली आणि आमच्यासारखी नव्याने संसार मांडलेली जोडपी. आम्ही चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना एवढा अरुंद, की सिलिंडरवाला वर येत असला तर उतरणाऱ्याने मागे फिरायचं.

परभणीत मात्र सगळ्यांना माझं कौतुक. 'तुझं काय बाई, तू तर दिल्लीत!' तेही खोटं नव्हतं. ज्या रुग्णालयांसाठी बिहार-उत्तर प्रदेशातून लोक रात्रीच्या गाडीने येतात आणि फुटपाथवर चादर अंथरतात, ती आमच्यापासून रिक्षाने फार तर अर्ध्या तासावर. मी जिथे नाव घातलं होतं त्या रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. दुसरीकडे फार वेगळं झालं असतं, असं मला वाटतही नाही.

ऑक्टोबरात विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. खोलीत थंडगार एसी, भिंतीवर 'यहाँ लिंग परीक्षण नहीं किया जाता' ही पाटी. तपासणाऱ्या डॉक्टरबाई शेजारच्या मुलीला आकडे सांगत होत्या, ती टाइप करत होती. डोकं एवढं, पोट एवढं, मांडीचं हाड एवढं. मग बाई थांबल्या. पडदा त्यांनी स्वतःकडे थोडा वळवून घेतला. पुन्हा एकदा, आतून तपासलं. 'वन पॉइंट सेवन,' त्या मुलीला म्हणाल्या. मुलीने टाइप केलं. मी विचारलं, 'क्या हुआ?' उत्तर आलं, 'अपनी डॉक्टर को दिखा देना.' बाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर तो आकडा शोधला. गर्भाशयाची मान, जिला बायका पिशवीचं तोंड म्हणतात, ती या सुमारास साधारण ३५ ते ४० मिलिमीटर लांब असते. २५च्या खाली गेली की दिवस भरायच्या आत उघडण्याची भीती. माझी १७ होती. हे मला एका यंत्राने सांगितलं, तेही माझ्याच.

त्या दिवशी माझ्या कार्डावर लाल स्टिकर लागलं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं. त्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर असं लाल स्टिकर लावतात, म्हणजे पुढच्या डॉक्टरच्या ते चटकन ध्यानात यावं. कल्पना चांगलीच आहे. फक्त माझ्या बाबतीत झालं असं, की स्टिकर लागल्यापासून सगळे त्याच्याशीच बोलायला लागले. कार्ड उघडायचं, स्टिकर बघायचं, रक्तदाब लिहायचा, गोळ्या लिहायच्या. दर वेळी नवा डॉक्टर, नवा चेहरा. माझ्याकडे मान वर करून बघायचं काही कारणच उरलं नव्हतं.

आधी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या झाल्या. मान आणखी आखूड झाली, तेव्हा तिला टाका घालायचं ठरलं. पहिलटकरणीला, मागचा काही इतिहास नसताना, टाका घालावा की औषधावरच ठेवावं, याबद्दल डॉक्टरांतच एकमत नाही, हे मी नंतर वाचलं. तेव्हा माझ्यापुढे एक फॉर्म आला आणि नवऱ्यापुढे दुसरा. दोघांनी सह्या केल्या.

या टाक्याची गोष्ट मात्र मला आवडते. त्याचा जगभर गाजलेला पहिला प्रकार आपल्याच माणसाचा. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले आणि जे. जे. रुग्णालयातले. काही बायकांची मुलं चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा पडून जातात, कळाही फारशा येत नाहीत, याचं कारण पिशवीचं तोंड दुबळं असणं हे आहे, असं त्यांनी मांडलं. मग त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची एक पट्टी काढून त्यांनी ते तोंड आवळलं. १९५५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅक्डोनल्ड यांनी त्याहून सोपी पद्धत दिली, बटव्याची नाडी ओढावी तशी. आज बहुतेक जणींना टाका तसाच घालतात, मलाही तसाच घातला असावा. पण प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत शिरोडकरांचं नाव अजून टिकून आहे. टेबलावर पाय वर बांधलेले असताना मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. परभणी लांब, पण शिरोडं थोडं जवळ आलं असतं.

टाक्यानंतर फर्मान निघालं: बेड रेस्ट. जिना चढायचा-उतरायचा नाही, वाकायचं नाही, उचलायचं नाही, प्रवास तर नाहीच. सचखंड एक्स्प्रेसने परभणी म्हणजे एक दिवस आणि वर एक रात्र. डोहाळजेवण गेलं, माहेर गेलं. आईला येता येईना, कारण घरात आजी अंथरुणाला खिळलेली. नवरा सकाळी आठला गुरुग्रामला जायचा, तो रात्री नऊला यायचा. अख्खा दिवस झोपून राहा, असं सांगणाऱ्याने एकदाही विचारलं नाही, की मग दुपारचं जेवण कोण करतं? दर पंधरा दिवसांनी तपासणीला या, असंही त्याच कागदावर लिहिलेलं. म्हणजे चार मजले उतरायचे आणि पुन्हा चढायचे. जिना वर्ज्य आणि तपासणी अनिवार्य, या दोन ओळी एकाच अक्षरात एकाखाली एक होत्या.

या झोपून राहण्याबद्दल मला आता थोडा रागच आहे. सक्तीच्या विश्रांतीने दिवस भरायच्या आत होणारं बाळंतपण टळतं, याला पुरावा मिळालेला नाही. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो, स्नायू आणि हाडं झिजतात. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही अशी विश्रांती सरसकट सांगू नका, असंच म्हणते. तरी ती सांगितली जाते, कारण सांगायला पैसे लागत नाहीत आणि पुढे काही बिघडलं तर बाई उठली असेल, असं म्हणता येतं.

नोव्हेंबर आला आणि दिल्लीवर धुरकट झाकण बसलं. मला खोकला सुरू झाला. खोकल्याची उबळ आली, की मी दोन्ही हातांनी ओटीपोट धरून ठेवायची, गुडघे जवळ घ्यायची आणि उबळ गिळायचा प्रयत्न करायची. प्रत्येक खोकल्याबरोबर टाक्याला हिसका बसतोय असं वाटायचं. शिंक आली तर नाक दाबून धरायची. बाथरूमला जोर करायची भीती, हसायची भीती. खिडकीतून समोरच्या घराची हातभर अंतरावरची भिंत दिसायची, तिच्यावर एसीचं पाणी ठिबकून हिरवा ओघळ आलेला. तो ओघळ मला पाठ झाला होता. आई फोनवर विचारायची, 'काय करायलीस?' मी म्हणायची, 'पडलेय.' ती म्हणायची, 'लेकरू हलायलंय ना?' आणि मग दोघींकडे बोलायला काही नसायचं.

घरमालकीण आंटी गुडघ्यांवर हात टेकत टेकत वर यायच्या. दारातच मोडा टाकून मटार सोलत बसायच्या. बाळाबद्दल चकार शब्द नाही. सुनेची तक्रार, पाण्याच्या टँकरची तक्रार, आणि निघताना 'रोटी खा ली?' नसेल खाल्ली तर खालून नातवाच्या हाती रोटी आणि लौकीची भाजी यायची. जानेवारीत त्यांनी भाडं वाढवलं, तेही याच दारात बसून. मला त्यांचा राग आला नाही.

मला एकच प्रश्न विचारायचा होता: टाका तुटायला लागला तर मला कळणार कसं? प्रत्येक तपासणीला विचारला. 'कुछ नहीं होगा.' 'इतना मत सोचो.' 'गूगल मत किया करो.' एका तरुण डॉक्टरने तर 'पहला बच्चा है ना?' असं हसत विचारलं, जणू तेच निदान होतं. शेवटी इंजेक्शनच्या खोलीतल्या एका वयस्क सिस्टरने उत्तर दिलं. माझ्या परच्याच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या, पाठीवर तिने तीन ओळी लिहिल्या. पाणी गेलं, रक्त दिसलं, किंवा ठरावीक वेळाने पोट कडक व्हायला लागलं, तर ओपीडीची वाट बघायची नाही. थेट इमर्जन्सीत यायचं, रात्री दोन वाजले असले तरी. 'कमर में नीचे भारी-भारी लगे, तब भी आ जाना,' ती म्हणाली आणि सुई टोचली. दोन मिनिटं लागली असतील. त्या रात्री मला झोप लागली.

याचा अर्थ जुन्या सुइणी आणि बाजेवरची बाळंतपणं बरी होती, असं मी म्हणत नाही. माझ्या आजीची थोरली बहीण पहिल्याच खेपेला, भरल्या घरात, बायकांच्या गराड्यात गेली. १९९७-९८ मध्ये देशात लाखभर जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७वर आला, महाराष्ट्रात ३३वर. हे रुग्णालयांचं आणि औषधांचं काम आहे. मी टाका घालून घेतला आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालून घेईन.

शिवाय माझं गाऱ्हाणं या शहरात फार वरच्या पायरीवरचं आहे. दोन गरीब बायकांची प्रकरणं याच दिल्लीतल्या उच्च न्यायालयात गेली होती. एक सरकारी योजनांना हक्काने पात्र असूनही कागदांपायी वणवण फिरली आणि पुढच्या खेपेला घरीच, प्रशिक्षित हात जवळ नसताना बाळंत होऊन २०१०च्या जानेवारीत गेली. दुसरी बेघर, जंगपुऱ्यातली. ती झाडाखाली बाळंत झाली. ४ जून २०१० रोजी न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी दोन्ही प्रकरणांत निकाल दिला आणि बाळंतपणातली काळजी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या दोघींना दार उघडलं नाही. मला उघडलं, आत घेतलं, आणि मग मी आत आहे हे तेच विसरले. दोन्हींची तुलना होत नाही, हे कळतं मला. पण आधी पहिलं दुखणं मिटू दे, मग दुसऱ्याकडे बघू, असं म्हटलं तर दुसऱ्याची पाळी कधी यायचीच नाही.

संक्रांत झाली आणि आजीला मामाकडे ठेवून आई आली. सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला. फेब्रुवारीतल्या एका रात्री कळा सुरू झाल्या आणि मी नवऱ्याच्या खांद्याला धरून चार मजले बसत-उठत उतरले. लेबर रूमच्या दाराशी गार्डने आईला अडवलं. 'अंदर कोई नहीं जाएगा.' तीन लेकरांना जन्म दिलेली बाई हातात पिशवी घेऊन बाहेर बाकड्यावर बसली. आत माझ्या दोन्ही बाजूंना दोघी कण्हत होत्या, आणि आया येता-जाता 'चिल्लाओ मत' म्हणत होती. उजाडताना मुलगी झाली. अडीच किलोच्या वर, ठणठणीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहिलं ती सांगते. बाळंतपणात शेवटपर्यंत कुणी सोबत असलं तर काय होतं, हे २६ चाचण्यांत, १५ हजारांहून जास्त बायकांवर तपासलेलं आहे. २०१७ साली त्याचा एकत्र आढावा निघाला: सिझेरियन कमी, कळांचा काळ कमी, आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्याही कमी. केंद्र सरकारने २०१६च्या फेब्रुवारीतच सरकारी रुग्णालयांसाठी सूचना काढल्या, की जिने स्वतः बाळंतपण अनुभवलं आहे अशी एक बाई सोबत थांबू शकते. आणि जिथे आडोसा असतो तिथे नवराही. माझी आई त्या सूचनांत पुरेपूर बसत होती. गार्डला ते माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

तेव्हा घरात कुणाला दिवस गेले असतील तर नाव घालायला जाल त्याच दिवशी विचारा, की कळांच्या वेळी आत सोबत कोण थांबेल. 'नियम नाही' असं म्हणाले तर २०१६च्या सूचनांची आठवण द्या. आणि कार्डावर लाल स्टिकर लागलं असेल, तर काय झालं की लगेच यायचं, ते परच्यावर लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.