कर आहे त्याला डर

'कर' या शब्दाचे आमच्या संस्कृतच्या मास्तरांनी तीन अर्थ सांगितले होते : हात, किरण आणि सरकारी वसूल. पुढे मी कॉमर्सला गेलो आणि पहिले दोन अर्थ मागे पडले. पण बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षं काढल्यावर आता वाटतं, अर्थ मुळात एकच आहे. हात! तो आपल्या खिशात कुठल्या बाजूने शिरतो, एवढ्यावरच माणूस बोंब मारतो की गप्प बसतो ते ठरतं.

माझंच घ्या. महाराष्ट्रात व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला, म्हणजे माझ्याही आधी. पगारातून दरमहा दोनशे रुपये कापतात. बारा दुणे चोवीसशे. पण वर्षाचे २,५०० भरले पाहिजेत, म्हणून फेब्रुवारीत तीनशे. फेब्रुवारीत! ज्या गरीब महिन्याला धड तीस दिवससुद्धा कोणी दिले नाहीत, त्याच्याच डोक्यावर शंभर रुपये जादा. यावर आजतागायत एकही मोर्चा निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण उघड आहे. पगार माझ्या खिशात येण्याआधीच तो हात येऊन गेलेला असतो. पेट्रोलचं तेच. पंपावर एकच आकडा दिसतो; त्यात पेट्रोल किती आणि कर किती हे विचारायला मागचा हॉर्नवाला वेळ देत नाही.

पण १८ जुलै २०२२ ला पिशवीतल्या दह्यावर पाच टक्के लागले आणि आमची सोसायटी पेटली. दही! म्हणजे हात खिशातून निघून थेट फ्रीजमध्ये गेला. वास्तविक नियम सोपा होता. आधीच पाकीटबंद केलेल्या, वर नाव-वजन छापलेल्या तांदूळ, पीठ, दही, ताक वगैरेंवर कर. तेच सुटं घेतलं तर नाही. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तसा जाहीर खुलासाही केला. मी कॉमर्सचा पदवीधर या नात्याने तो जिन्यात उभा राहून समजावून सांगितला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" त्यानंतर आठवडाभर त्यांनी आमच्याकडे विरजण मागितलं नाही.

आमच्या शेजाऱ्यांनी मात्र नियम नीट वाचला. पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटाला कर, त्याहून मोठ्याला नाही, ही फट त्यांना सापडली. घरात माणसं दोन. तांदूळ आणला तीस किलो. साठ रुपयांच्या भावाने अठराशेचा माल, कर वाचला नव्वद रुपये. रिक्षाचे सत्तर, आणि लिफ्ट बंद म्हणून पोतं वर चढवणाऱ्या वॉचमनला पन्नास. गणपतीपर्यंत तांदळात टोके झाले. ते निवडत बाल्कनीत बसलेल्या वहिनींकडे बघत ते मला म्हणाले, "असू दे. पण सरकारला एक पैसा दिला नाही."

इथपर्यंत मी प्रेक्षक होतो. पण त्याच तारखेपासून चेकबुकावर बँक जी फी घेते तिच्यावरही अठरा टक्के लागले, आणि मी रंगमंचावर आलो. फुकटची पानं संपल्यावर दहा पानांच्या चेकबुकाचे आम्ही चाळीस रुपये घेत असू. आता सत्तेचाळीस रुपये वीस पैसे. वरच्या सात वीसमधले तीन साठ दिल्लीचे, तीन साठ राज्याचे.

काउंटरवर एक निवृत्त गणित शिक्षक आले. वय एकोणसाठ. हे वय फार अवघड. शाळा माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी म्हातारा ठरवून घरी पाठवते आणि आमची बँक त्याला साठाव्या वर्षापर्यंत तरुण समजते. मधली दोन वर्षं सवलत नाही. पासबुकावरची नोंद पुढे करून सर म्हणाले, "हे सात रुपये वीस पैसे कसले?"

"टॅक्स, सर. चेकबुकावरचा."

"पेन्शन माझी. तिच्यावर टॅक्स भरला. उरली ती तुमच्याकडे ठेवली, तिच्या व्याजावर भरला. आता ती काढायचा जो कागद, त्याच्यावरही?"

मागे रांग होती. एरवी ती पुढच्या माणसाला घाई करते. त्या दिवशी पुढे झुकून ऐकत होती. मी मोबाईलवरून पैसे पाठवण्याचा सल्ला दिला. सर म्हणाले, "आईला सांभाळायला बाई ठेवली आहे. तिला मी चेकच देतो. तिच्या खात्यात तिच्या नावाने जमा झालेला तिला दिसला पाहिजे." यावर माझ्याकडे परिपत्रक नव्हतं.

मला २००५ आठवलं. मी तेव्हा नवा होतो. २८ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी सुचवलं, की बँकेतून एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोकड काढली तर ०.१ टक्का कर. काळ्या पैशाचा माग लागावा हा हेतू. म्हणजे दहा हजारांमागे दहा रुपये! पण आपलेच पैसे काढायला कर, या कल्पनेनेच लोक असे बिथरले की दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत नऊ हजार नऊशेच्या स्लिपांचा ढीग पडला. कर लागू व्हायचा होता जूनमध्ये. आमचे हेडकॅशियर नोटा मोजता मोजता म्हणाले, "दहा रुपयांचं दुःख नाही रे. घरात शिरताना उंबऱ्यावर तिकीट मागितल्यासारखं वाटतंय त्यांना." देशभर ओरड झाली, सरकार नमलं. व्यक्तींसाठी मर्यादा पंचवीस हजारांवर गेली आणि बचत खाती तर अजिबात वगळली. उरले करंट अकाउंटवाले व्यापारी. ओरडले तेही होते. पण ते दरवर्षीच ओरडतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. तो कर मग १ एप्रिल २००९ पासून गेला.

हे मी सरांना सांगितलं. धीर द्यावा म्हणून. सर म्हणाले, "म्हणजे तेव्हा ओरडल्यावर ऐकलं. आता मी कोणाकडे ओरडू? सात रुपयांचा प्रश्न नाही. चाळीस वर्षं कर भरतोय, कधी कुरकुर केली नाही. पण विचारायचं कोणाला, तेवढं सांगा. तुम्हाला विचारून उपयोग आहे?"

"नाही, सर."

"मग या काचेच्या मागे तुम्हाला बसवलंय कशाला?"

रांगेतून कोणी हसलं नाही. मी चेकबुक दिलं. त्यांनी पानं मोजली, सही केली आणि माझं पेन परत ठेवून गेले. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला ताक गेलं नाही. सुटं होतं, तरी.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत पॉपकॉर्नचा खुलासा झाला. मिठाचं सुटं पाच टक्के, तेच नाव छापलेल्या पाकिटात बारा, आणि कॅरॅमलचं अठरा. कारण साखर लागली की ते मिठाईत जमा. त्या वेळी मात्र कोणी चिडलंच नाही. सगळा देश हसत सुटला. माझी मुलगी थिएटरात विचारू लागली, "बाबा, अर्धं खारं, अर्धं गोड मिसळलं तर?" मी बी.कॉम. आहे, पण याचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून खारं पॉपकॉर्न पाकिटातलंही पाच टक्क्यांवर आलं, चपाती आणि पराठा दोन्ही शून्यावर गेले. हसण्याचा परिणाम रागापेक्षा जास्त होतो की काय, देव जाणे.

परवा सर पुन्हा आले. आता ते रीतसर ज्येष्ठ नागरिक आहेत आणि ज्येष्ठांना आमच्याकडे चेकबुक फुकट. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "सर, फी शून्य!"

"आणि शून्याचे अठरा टक्के किती?"

"शून्य, सर."

"लिहून द्या."

मी स्लिपच्या पाठीमागे लिहून दिलं. सरांनी चष्मा वर करून ते तपासलं, म्हणाले, "शिक्का?" मी शिक्का मारला.